विमानतळाजवळच्या लक्झरी टॉवरमध्ये प्री-लाँचला पैसे भरावेत का?

जुळे सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, आपल्या सोलापूर विमानतळाच्या बाजूला बावीस मजली टॉवर येतोय म्हणून शहरभर होर्डिंग लागलेत. आई-बाबांना घेऊन जाऊन आलो. जागेवर नुसता पत्रा मारलाय आणि आत बाभळी, पण ऑफिसातला सॅम्पल फ्लॅट एकदम एसी-बिसी, इटालियन मार्बल. फ्लॅट ९० लाखाचा, आत्ता १८ लाख भरा नाहीतर पुढच्या आठवड्यात रेट वाढणार, निम्मे फ्लॅट गेले म्हणतात. रेरा नंबर (घरांच्या प्रोजेक्टची सरकारी नोंदणी) विचारला तर "प्रोसेसमधे आहे, ईओआयची पावती देतो". ईओआय म्हणजे फ्लॅट घ्यायची नुसती इच्छा कळवणं म्हणे. बाबांच्या रिटायरमेंटचा पैसा आहे हो, काय करावं?

उजनीचं पाणी:
एक रुपया देऊ नका मालक. रेरा कायद्याचं कलम ३ वाचा, नोंदणी नसताना बुकिंग सोडा, साधी जाहिरात पण करता येत नाही, ईओआय म्हणा नाहीतर टोकन म्हणा. दंड प्रोजेक्टच्या खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड पण लागतो, होर्डिंगवर आहे का बघा. आणि नंबर आला तरी साठेखत (विक्रीचा करार) रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, म्हणजे ९० लाखाला ९. हे १८ मागतायत!

सात रस्ता:
विमानतळाला लागून बावीस मजले? सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मधे विमानांना अडथळा म्हणून पाडली, अख्ख्या गावाला माहितीय. एअरपोर्ट अथॉरिटीची उंचीची एनओसी किती मीटरची आहे ते कागदावर बघा, तोंडी नको. वरचे मजलेच कापले गेले तर तुमचा स्काय व्ह्यू कुठं राहिला.

जुळे सोलापूरकर:
उंचीचं तर डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. क्यूआर कोड कुठंच नाही. १४५० फूट म्हणाले ते कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) का विचारलं तर "सगळं धरून" म्हणे.

वकीलसाहेब नाही:
मग कार्पेट लेखी घ्या, रेरात विक्री कार्पेटवरच आहे. ज्यांनी आधीच भरलेत त्यांनी गप बसू नका, नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टची तक्रार महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साईटवर करता येते. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले असतील तर कलम १२ खाली व्याजासकट परत मागता येतात, त्यामुळे ब्रोशर, होर्डिंगचा फोटो सगळं जपून ठेवा. आपल्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, अन् हे चोवीस तास देणार म्हणतात, तो सेल्सवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज तर अजिबात डिलीट करू नका.