‘खाते काढा’ म्हणजे उघडा की काढून टाका?

वेलांटी
थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या मदतपुस्तिकेचं मराठी चालू आहे, त्यातला एक प्रश्न. खात्यांच्या सेटिंगमध्ये डावीकडे खाली ‘अकाउंट ॲक्शन्स’ अशी यादी उघडते. तिच्यात वर ‘ॲड मेल अकाउंट’ आणि खाली ‘रिमूव्ह अकाउंट’. मसुद्यात दुसऱ्याचं ‘खाते काढा’ केलंय. पण बँकेत खातं काढलं म्हणजे आपण ते उघडलं असं समजतो. दुकान काढलं, शाळा काढली, विमा काढला, सगळीकडे काढणं म्हणजे सुरू करणं. ‘हटवा’ कानाला हिंदी लागतं. काय करावं?

कारकुनी
‘काढणे’ म्हणजे मुळात आतलं बाहेर आणणं. विहिरीतून पाणी काढतो तसं. जे अजून नव्हतंच ते बाहेर आलं की ती निर्मिती होते: चित्र काढलं, मासिक काढलं. जे होतं ते बाहेर गेलं की वजाबाकी: काटा काढला, नोकरीवरून काढलं. बोलताना अडत नाही, कारण बाजूची विभक्ती अर्थ सांगते. बँकेत खातं काढलं म्हणजे उघडलं, यादीतून नाव काढलं म्हणजे वगळलं. बटणावर दोन शब्दांपुरतीच जागा, तिथे विभक्तीला कुठून आणणार? म्हणून गोंधळ.

उपाय सोपा आहे: ‘काढून टाका’. ‘टाकणे’ मागे लागलं की उघडण्याचा अर्थ उरतच नाही. ‘खातं काढून टाकलं’ याचा अर्थ कुणीही ‘नवीन उघडलं’ असा घेणार नाही.

तारायंत्र
भाषा सुटली, पण खरी मेख पुढे आहे. काढून टाकायचं नेमकं काय? इथे ‘खातं’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली, सेवा देणाऱ्याकडचा तुमचा पत्ता आणि पेटी. दुसरी, या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये भरलेली माहिती: सर्व्हरची नावं, पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक), युजरनेम. तिसरी, इथे उतरवून घेतलेल्या मेल. ‘रिमूव्ह अकाउंट’ने पहिलीला धक्काही लागत नाही. बटण दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत खूण करायच्या दोन जागा असतात. खात्याची माहिती काढण्याची खूण आधीच केलेली असते. मेलचा साठा काढण्याची वेगळी, ती आपण करायची.

या दुसऱ्या खुणेशी थांबा. खातं आयमॅपचं (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) असेल तर मूळ मेल सर्व्हरवर आहेत, इथली फक्त प्रत जाते. पुन्हा जोडलं की परत उतरते. खातं पॉपचं (मेल संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत) असेल आणि मेल उतरवल्यावर सर्व्हरवरून पुसायची सवय लावलेली असेल, तर इथली प्रत हीच एकमेव प्रत. खूण केली की गेली, पुन्हा मिळणार नाही. म्हणून पुस्तिकेत बटणाच्या नावापेक्षा या चौकटीचं मराठी जास्त जपून करा.

वेलांटी
मग ‘खाते बंद करा’ तर मुळीच नको. बंद करणं म्हणजे बँकेत जाऊन हिशोब चुकता करणं, ते सेवा देणाऱ्याच्या वेबसाइटवर होतं.

तारायंत्र
अगदी. आणि त्याच न्यायाने ‘ॲड अकाउंट’चं ‘खाते उघडा’ही नको. उघडलेलं खातं इथे जोडायचं असतं. ‘खाते उघडा’ वाचून लोक नवीन पत्ता हवाय असं समजतात आणि पासवर्डच्या रकान्यात मनाने नवा पासवर्ड घालतात. मग ‘ओळख पटली नाही’ असा निरोप येतो. जीमेलसारख्या ठिकाणी तर इथे नेहमीचा पासवर्ड थेट चालतच नाही. ब्राउझरसारखी खिडकी उघडते, तिच्यात लॉगिन करून परवानगी द्यायची असते. किंवा दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

जोडणीचा मजकूर लिहिताना पोर्टचे आकडे नीट द्या. आयमॅप ९९३, पॉप ९९५, हे दोन्ही सुरुवातीपासून टीएलएस (जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याची रीत) असलेले. पाठवण्यासाठी ४६५ सुरुवातीपासून टीएलएस, ५८७ स्टार्टटीएलएस, म्हणजे आधी साधी जोडणी, मग तिच्यावर टीएलएस. ४६५ लिहून खाली स्टार्टटीएलएस निवडलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपल्याचा निरोप येतो. दोष पासवर्डाचा नसतो, पण माणूस पासवर्डच बदलत बसतो. युजरनेममध्ये बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो, ॲटच्या आधीचा तुकडा नाही.

बारीकटाइप
‘खाते जोडा’ आणि ‘या संगणकावरून खाते काढून टाका’. लांब आहे, पण ‘या संगणकावरून’ टाकलंत की निम्मे गैरसमज जातात. पंचमी परत आली, कारकुनींना बरं वाटेल.

आता माझी भर. ‘इनबॉक्स’साठी ‘आवक’ आणि ‘आउटबॉक्स’साठी ‘जावक’ घ्यावं काय? आवक-जावक नोंदवही कुठल्याही कार्यालयात ठाऊक आहे, शब्द घासूनपुसून तयार आहेत.

कारकुनी
‘आवक’ चालेल. ‘जावक’ला माझा सक्त विरोध. जावक क्रमांक पडला म्हणजे पत्र निघालं. पुढे कुणी विचारलं तर आपण जावक क्रमांक दाखवून पत्र पाठवल्याचं सिद्ध करतो. आउटबॉक्स याच्या बरोब्बर उलट: तिथे अजून न गेलेली मेल पडून असते. थंडरबर्डमध्ये ‘नंतर पाठवा’ म्हटलं, किंवा इंटरनेट नसताना लिहिलं, की ती स्थानिक फोल्डरांखाली आउटबॉक्समध्ये बसते. तिला ‘जावक’ म्हटलं तर साहेब म्हणणार, जावकला दिसतंय म्हणजे गेलं. जावक हे ‘सेंट’चं, म्हणजे पाठवून झालेल्या मेलच्या फोल्डरचं नाव.

बारीकटाइप
मान्य. मग आउटबॉक्स? ‘प्रलंबित’ रुक्ष आहे. ‘पाठवायच्या’ कसं वाटतं? पाठवायच्या, पाठवलेल्या. जोडी जुळते, शिकवावं लागत नाही.

तारायंत्र
जोडी छान. फक्त ‘पाठवलेल्या’ची एक गंमत पुस्तिकेत घाला. मेल जाते एसएमटीपीने, म्हणजे पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीने. ती गेल्यावर प्रोग्रॅम तिची एक प्रत आयमॅपने ‘सेंट’मध्ये ठेवायला जातो. कामं दोन, रस्ते दोन. पहिलं पार पडून दुसरं अडकलं की ‘मेल पाठवली, पण प्रत ठेवता आली नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो. लोक पहिलं अर्धं वाक्य न वाचता पुन्हा पाठवतात आणि समोरच्याला एकच मेल दोनदा जाते. उलटी तऱ्हाही आहे: काही सर्व्हर पाठवलेल्याची प्रत स्वतःच ठेवतात, मग ‘पाठवलेल्या’त दोन-दोन दिसतात. तिथे खात्याच्या ‘प्रती व फोल्डर’ या भागात जाऊन प्रत ठेवण्याची खूण काढायची.

वेलांटी
‘खूण काढायची’! पुन्हा ‘काढणे’. खूण काढणं म्हणजे रेखाटणं की पुसणं?

तारायंत्र
हरलो. ‘खूण पुसा’ लिहा.

वेलांटी
पुढचा शब्द ‘कॉम्पॅक्ट’. मसुद्यात ‘फोल्डर संक्षिप्त करा’ आहे. संक्षिप्त म्हणजे मेलमधला मजकूर तोकडा होणार असं वाटतं.

बारीकटाइप
‘आवळा’? ‘दाबून बसवा’?

तारायंत्र
दोन्हींतून फाइल झिपसारखी चेपली जाते असं वाटेल. तसं होत नाही. मुळात काय घडतं ते पाहा. थंडरबर्डच्या नेहमीच्या साठवणीत एक फोल्डर म्हणजे एक लांबलचक फाइल, सगळ्या मेल एकाखाली एक. मेल डिलीट केली की तिच्यावर फक्त ‘ही गेली’ अशी खूण होते. मजकूर फाइलमध्ये तसाच. वर तिची प्रत कचऱ्याच्या फोल्डरात जाते. म्हणजे १० एमबीची मेल डिलीट केल्यावर इनबॉक्सची फाइल कमी होत नाही आणि कचऱ्याची १० एमबीने वाढते. जागा करायला बसलेल्या माणसाची डिस्क आणखी भरते. कॉम्पॅक्ट केलं की प्रोग्रॅम पूर्ण फाइल पहिल्यापासून वाचतो, खूण नसलेल्या मेल नव्या फाइलमध्ये लिहितो आणि जुनी टाकून देतो.

कारकुनी
मग याला आपल्याकडे हजार वर्षांचा शब्द आहे. पाखडणे. सुपात धान्य घ्यायचं, फोलपट उडवायचं, दाणे जसेच्या तसे राहतात. दाणा लहान होत नाही, कुटला जात नाही. ‘फोल्डर पाखडा’.

बारीकटाइप
‘हजार वर्षां’चा दाखला मागत नाही, शब्द आवडला! पण मुंबईतल्या विशीतल्या मुलाने सूप पाहिलंय का?

कारकुनी
फ्लॉपी त्यानेही पाहिली नाही, तरी ‘सेव्ह’चं चिन्ह त्याला कळतंच की.

तारायंत्र
मला ‘पाखडा’ पटतो, कारण धोकाही त्याच शब्दात आलाय. पाखडून उडालेलं परत सुपात येत नाही. पाखडण्याआधी चुकून डिलीट झालेली मेल फाइलमधून शोधून काढण्याची थोडी आशा असते, नंतर नाही.

आणि खाली ही टीप द्या. पाखडताना नवी फाइल जुनीच्या शेजारी तयार होते, त्यामुळे त्या फोल्डराएवढी मोकळी जागा डिस्कवर हवी. फोल्डर ३ जीबीचं आणि शिल्लक १ जीबी, तर ते फोल्डर पाखडलं जाणार नाही. अँटिव्हायरसने मधेच फाइल धरून ठेवली तर एनएसटीएमपी नावाच्या अर्धवट फाइली फोल्डरांच्या यादीत उगवतात. त्या मोठ्या दिसल्या तर घाईने पुसू नका, आधी मूळ फोल्डर उघडून मेल जागेवर आहेत का ते बघा. आपोआप पाखडण्याचीही सोय सेटिंगमध्ये आहे: एकूण २०० एमबीहून जास्त जागा सुटणार असेल तेव्हा.

वेलांटी
शेवटचा: ‘आर्काइव्ह’. ‘अभिलेखागार’ बटणावर मावत नाही.

कारकुनी
‘दप्तरी दाखल’. डिलीट नाही, टेबलावरही नाही. काम संपलं, कागद जपून ठेवला. शासकीय कागदावर हाच शेरा असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवत, इथे वर्षाच्या नावाचं फोल्डर आहे, इतकाच फरक.

बारीकटाइप
‘दप्तरी दाखल’ला ‘आता याचं कुणी काही करणार नाही’ असा वासही आहे, पण तो इथे चालून जाईल. ‘दप्तरी’ एवढंच ठेवलं तरी बटणावर बसतं.

तारायंत्र
त्या बटणाची कळ एकच आहे, ‘ए’. कंट्रोल वगैरे काही नाही. मेलच्या यादीवर कर्सर असताना, शोधाच्या चौकटीत लिहितोय अशा समजुतीने ‘ए’ने सुरू होणारं नाव टाइप केलं की पहिल्याच अक्षराला निवडलेली मेल दप्तरी दाखल होते. इनबॉक्समधून मेल गायब, कचऱ्यातही नाही, अशी तक्रार आली तर आधी ‘आर्काइव्ह्ज’मध्ये त्या वर्षाचं फोल्डर उघडायला सांगा. वर्ष मेलच्या तारखेचं असतं, कळ दाबली त्या दिवसाचं नाही, त्यामुळे २०१९ची मेल २०१९मध्येच सापडेल.