सोसायटीच्या ग्रुपवर स्मायली बंद करावी का?

नेरुळकर: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवा नियम आलाय. हसरे चेहरे, अंगठे, जोडलेले हात सगळं बंद, जे काही असेल ते शब्दांत लिहा. मला हे साफ अमान्य आहे. परवा सेक्रेटरींनी लिहिलं, "बी विंगवाल्यांनी गाड्या बघून लावाव्यात." बी विंगला वाटलं दम दिला, आणि रात्रभर वाद पेटला. हेच जिन्यात भेटून हसत म्हटलं असतं तर कोणी मनाला लावून घेतलं नसतं. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत कुणीतरी गमतीने लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काहींना तो खराच इशारा वाटला. त्यावरून १९ सप्टेंबर १९८२ ला तिथल्या संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फाल्मन यांनी कोलन, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. गरज होती म्हणूनच तो आला ना?

पाचपाखाडी: फाल्मन यांची खूण फक्त "ही गंमत आहे" एवढंच सांगायची. आता जोडलेले हात म्हणजे नमस्कार, आभार की "बाबा रे, थांब आता"? तुमच्या सेक्रेटरींचं वाक्यच कोरडं होतं. "गाडी जरा आत घ्याल का, कचऱ्याची गाडी वळत नाही हो," असं लिहिलं असतं तर कुणाला राग आला असता? "काढा", "काढा ना", "काढा हं" यांत सूर ऐकू येतोच की! ते लिहायचा कंटाळा करायचा आणि वर पिवळा चेहरा चिकटवायचा, हे मला पटत नाही.

ऐरोली_सेक्टर७: मग विरामचिन्हंही काढून टाका. मोडी लिपीत ती नव्हती, शब्दही सलग लिहायचे. छापील मराठीत ती एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडींच्या प्रयत्नांनी रुळली. आज उद्गारचिन्हाशिवाय आपलं पान हलत नाही. शिवाय माझ्या आईला फोनवर मराठी टाइप करणं जड जातं. तिनं अंगठा पाठवला की ती ग्रुपमध्ये आहे हे तरी कळतं.

घोडबंदर: पैशाच्या बाबतीत मात्र सांभाळा. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोवर नुसता अंगठा पाठवला. २०२३ मध्ये कोर्टाने ती संमती धरली आणि माल न दिल्याबद्दल ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई लावली. आमच्याकडे वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनवर अंगठे पडले, काम सुरू झालं, आणि मग अर्धे म्हणाले, "आम्ही फक्त वाचलं म्हणून टाकला."

पाचपाखाडी: आणि दुःखाचं काय? आमचे काका गेले त्या रात्री ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. एका शेजारणीने लिहिलं, "सकाळी किती जणांचा चहा-नाश्ता पाठवू?" आमच्या घरात अजून तिचंच नाव निघतं.

नेरुळकर: त्या बाईंना मानलं. पण बाकीचे गप्प बसले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? काहींना अशा वेळी शब्द सुचत नाहीत, त्यांची तोंडं बांधू नका. घोडबंदर यांचं मात्र पटलं. रविवारच्या मीटिंगमध्ये मी मांडणार आहे की खर्च आणि ठराव यांना "मंजूर" किंवा "नामंजूर" असं लिहूनच उत्तर द्यायचं, बाकी मोकळीक.

पाचपाखाडी: निधनाचा निरोपही त्या यादीत घाला. "वाईट वाटलं" एवढं तरी हाताने लिहावं माणसाने. तिथल्या रडक्या चेहऱ्यांवर माझी हरकत कायम आहे.