अन्नातून विषबाधा : कशी ओळखलीत, कसे बरे झालात?

नौपाडा, ठाणे
गणपतीत आमच्या सोसायटीचा महाप्रसाद झाला. दुपारी दीडला पंगत बसली आणि मध्यरात्रीनंतर घराघरांत मुरडा आणि जुलाब सुरू झाले. उलटी, ताप जवळजवळ कुणालाच नाही. सगळ्यांनी श्रीखंडाला धरलं. इमारतीतल्या डॉक्टरबाईंनी मात्र श्रीखंड न खाणाऱ्यांना आधी गाठलं, तर त्यांचंही पोट बिघडलेलं! त्यांचा संशय वाटाण्याच्या रश्श्यावर गेला. तो सकाळीच शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता. असा रस्सा तासन् तास कोमट राहतो आणि शिजवूनही तगलेले जंतू त्यात वाढतात. त्यांचा त्रास सहा ते चोवीस तासांत सुरू होतो आणि बहुतेक वेळा दिवसभरात थांबतो. आमच्याकडे तसंच झालं.

म्हणून हा धागा काढते आहे. काय खाल्लं, किती तासांनी त्रास सुरू झाला आणि डॉक्टरकडे कशावरून गेलात, एवढं नक्की लिहा. आपण नेहमी शेवटच्या घासाला दोष देतो. खरं कारण कधी कधी दोन-तीन दिवसांपूर्वीचं असतं.

ऐरोली
रात्रीचा भात ओट्यावरच राहिला होता. सकाळी फोडणी देऊन डब्यात नेला. जेवून दोन तास होतात न होतात तोच उलट्या सुरू झाल्या. भातातल्या जंतूंनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, हे मला तेव्हा कळलं. पाणी घटाघट प्यायलो की लगेच बाहेर यायचं. मैत्रिणीने दहा मिनिटं काहीच दिलं नाही, मग ओआरएस चमच्या-चमच्याने भरवलं. ते टिकलं. संध्याकाळी मऊ भात खाल्ला. आता भात उरला की तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये जातो.

दिवाळे, बेलापूर
आम्ही मासे खाणारी माणसं, म्हणून जरा वेगळा प्रकार सांगते. तळलेला बांगडा खाताना यांच्या जिभेला चरचर लागली, मिरी चावल्यासारखी. अर्ध्या तासात कान, मान, चेहरा लालबुंद. छातीवर चट्टे उठले, डोकं ठणकायला लागलं, मग जुलाब. मी म्हटलं ॲलर्जी असेल. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जन्मभर बांगडा खातोय तो, आजच कसली ॲलर्जी?" त्यांचं बरोबर निघालं. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार होतं. तळा, उकडा, ते जात नाही आणि माशाला वास येईलच असंही नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, काही तासांत उतार पडला. बांगडा सोडायची गरज नाही म्हणाले, पण श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. मी कल्ले आणि डोळे आधीही बघायचे. आता बर्फात गाडलेला असेल तरच वाटा उचलते.

खारघर
लेक दीड वर्षाची. उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. आम्ही उलट्या मोजत बसलो होतो, आईने फोनवर वेगळंच विचारलं, "शेवटची शू कधी केली?" दुपारपासून डायपर कोरडा होता. जीभ सुकलेली, रडत होती पण डोळ्यांत टिपूस नाही. तेवढ्यावरच हॉस्पिटलला निघालो. रात्रभर सलाइन लागलं.

घरी आल्यावर प्रत्येक जुलाबामागे थोडं थोडं ओआरएस, तेही वाटी-चमच्याने. डॉक्टरांनी झिंकही दिलं, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा म्हणाले. नव्या पालकांना कळकळीने सांगते, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओता. अर्धं घालायचं नाही, वरून साखर-मीठ नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघा. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, फार बरं झालं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला पोहे खायचा नाही, चहाचाच चमचा.

वागळे इस्टेट
बाबा सत्तरीच्या पुढचे. ताप १०३, शौचात आव आणि रक्त. केमिस्ट जुलाब बांधायची गोळी देत होता, ती घेतली नाही. डॉक्टर म्हणाले तेच बरं, ताप आणि रक्त असताना ती गोळी धोक्याची. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. मग आठवलं, दोन दिवसांपूर्वी एका साखरपुड्यात कच्च्या अंड्याच्या मेयोनीजची सँडविचेस होती. बाबांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगितलं. त्यांनी ती तात्पुरती थांबवली.

कोपरी
माझं एवढंच : बरं झाल्यावरही आठवडाभर दुधाचा चहा घेतला की पोटात गुडगुड. डॉक्टर म्हणाले, आतड्याला सूज येऊन गेली की दूध काही दिवस पचत नाही. दही-ताक सोसलं. पेज, मुगाची मऊ खिचडी, केळं यांवर अंगात ताकद आली.

नेरूळ
मी नागरी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस असेल तर एक दिवसही वाट बघू नका. बाकीच्यांनीसुद्धा सहा-आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोट टिकत नाही, ग्लानी, रक्त, जोराचा ताप किंवा तीन दिवसांवर जुलाब, यांतलं एकही दिसलं की यावं. उठवत नसेल तर १०८ ला फोन करा. एकाच जेवणाने अनेक जण आजारी पडले तर उरलेलं अन्न फेकू नका. घट्ट डब्यात भरून, वर "खाऊ नये" लिहून फ्रीजमध्ये ठेवा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि अन्न व औषध प्रशासनाला त्याच दिवशी कळवा. आमच्याकडे लोक येतात तेव्हा पातेली घासून झालेली असतात आणि तपासायला काहीच उरत नाही.