मदत हवी आहे: फ्रान्सला जायच्या आधी इतिहास कुठून वाचू? (सगळे लुई एकमेकांत मिसळलेत)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये अकरा दिवस फ्रान्सला चाललोय. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासरे. सासरे निवृत्त शिक्षक आहेत. विषय गणित, पण कुठेही गेले की "हे कधीचं? कुणी बांधलं? मग पाडलं का?" सुरू होतं. रायगडावर गाइडने शेवटी हात जोडले होते. तिकडे गाइड परवडणार नाही, त्यामुळे उत्तरं मी द्यायची असं घरात परस्पर ठरलंय.

बेत असा: पॅरिस सहा रात्री (त्यात एक दिवस व्हर्साय), ल्वार खोऱ्यात आंब्वाजला दोन, लिऑंला दोन आणि परत.

माझं ज्ञान शाळेतलं. पाव महागला, बॅस्टिल फोडलं, गिलोटिन, स्वातंत्र्य-समता-बंधुता, नेपोलियन, सेंट हेलेना, धडा समाप्त. मे महिन्यात एक जाडजूड इंग्रजी इतिहास आणला. तो गॉल लोकांपासून सुरू होतो. शार्लमेनपर्यंत कशीबशी पोचले, आता ते पुस्तक लॅपटॉपखाली उंचीसाठी ठेवलंय.

मुख्य गोंधळ असे. १७९३ मध्ये राजाचं डोकं उडवलं, मग १८१४ मध्ये पुन्हा राजा आला कुठून? सोळाव्या लुईनंतर थेट अठरावा कसा, सतरावा कुठे गेला? आणि आताचं प्रजासत्ताक म्हणे पाचवं. आधीच्या चारांचं काय झालं?

हाताशी दोन महिने आहेत, नोकरी सांभाळून. काय वाचू आणि काय बिनधास्त सोडू?

भटकभवानी:
गॉल, शार्लमेन सोडा. १७८९ ते १८७१ एवढंच घट्ट वाचा, पॅरिसमध्ये निम्मे प्रश्न त्यातलेच येतील.

सतरावा म्हणजे सोळाव्याचा मुलगा. आईबाप गिलोटिनवर गेले, पोरगा कैदेत १७९५ मध्ये दहाव्या वर्षी वारला. राज्य एक दिवस केलं नाही, पण राजनिष्ठांनी त्याला मोजला. म्हणून नेपोलियन पडल्यावर गादीवर आलेला सोळाव्याचा भाऊ अठरावा झाला.

बाकी धावत: १७९२ पहिलं प्रजासत्ताक, १८०४ नेपोलियन सम्राट, १८१४ पुन्हा राजे. १८३० मध्ये क्रांती, पण तिच्यातून दुसरा राजाच निघाला. १८४८ मध्ये आणखी एक क्रांती आणि दुसरं प्रजासत्ताक. त्याचा अध्यक्ष झाला नेपोलियनचा पुतण्या, आणि १८५२ मध्ये तोच सम्राट होऊन बसला. १८७० मध्ये प्रशियाकडून मार खाल्ला, तेव्हा तिसरं आलं. ते १९४० पर्यंत टिकलं. चौथं १९४६ चं, पाचवं १९५८ मध्ये जनरल द गॉलने आणलेलं.

एक सापळा सांगून ठेवते. बॅस्टिल चौकातला उंच स्तंभ १७८९ चा नाही, १८३० च्या क्रांतीचा आहे. लूव्रमधलं झेंडा घेतलेल्या बाईचं दलाक्र्वाचं चित्रही १८३० चंच. तिथे उभं राहून निम्मे पर्यटक चुकीचं सांगत असतात. खुद्द बॅस्टिल पाडून टाकलं. मेट्रोच्या ५ नंबर लाइनच्या फलाटावर पायाचे थोडे दगड दिसतात, आणि काँकॉर्डच्या पुलात त्याचे दगड वापरलेत.

कडवे वाल:
भवानीताईंची जंत्री बरोबर आहे, पण ताई, ती पाठ करून जाऊ नका. तिथे पोचेपर्यंत पुन्हा सगळे लुई एक होतील. मी उलटं केलं होतं. रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या एकाच जागेचं वाचायचं, बास.

लेकीला सगळ्यात आवडेल ती मुंडक्यांची गोष्ट. नोत्र दामच्या दर्शनी भागावर २८ राजांचे पुतळे होते. क्रांतीत लोकांना वाटलं हे आपलेच राजे, १७९३ मध्ये उतरवून मुंडकी छाटली. ते होते बायबलमधले यहुदाचे राजे! पुढे १९७७ मध्ये एका बँकेच्या इमारतीचं काम चालू असताना त्यातली २१ डोकी जमिनीखाली सापडली. क्लुनी म्युझियममध्ये रांगेत मांडलीत. नाकं तुटलेली, एकावर तर रंगाचा अंश अजून आहे. आज नोत्र दामवर दिसतात ते एकोणिसाव्या शतकातले नवे पुतळे.

पहिल्याच दिवशी कार्नाव्हालेला जा. शहराच्या इतिहासाचं म्युझियम आहे, कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, क्रांतीची दालनं तासाभरात होतात. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिला शेवटी जिथे कैदेत ठेवलं होतं ती कॉन्सिएर्जरी त्यानंतर बघा. सोमवारी व्हर्साय आणि कार्नाव्हाले दोन्ही बंद, मंगळवारी लूव्र बंद. बुकिंग करताना हे आधी बघा.

आंब्वाजसाठी एकच माणूस पुरे: लिओनार्दो. राजा फ्रांस्वा पहिला याने बोलावून घेतलं, २ मे १५१९ ला तिथल्याच क्लो ल्यूसे वाड्यात वारला.

पोस्टमन काका:
सनावळ्या आपल्या खुंट्यांना अडकवल्या की सासरेबुवांच्याही लक्षात राहतील. चौदावा लुई गादीवर आला १६४३ मध्ये, तेव्हा तो चार वर्षांचा आणि शिवबा तेरा वर्षांचे. तो दरबार घेऊन व्हर्सायला कायमचा गेला १६८२ मध्ये, त्याच सुमारास औरंगजेब दक्षिणेत उतरला. बॅस्टिल पडलं तेव्हा पुण्यात सवाई माधवराव. आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढून गेला होता.

लिऑंला दोन रात्री आहेत तर एक दिवस शांबेरीला द्या, रेल्वेने साधारण दीड तास. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा द ब्वान्य तिथला. (फ्रेंच म्हणतात सगळे, पण तेव्हा तिथला सव्हॉय प्रांत फ्रान्समध्ये नव्हता, तो कायमचा १८६० मध्ये आला.) हिंदुस्थानात कमावलेला पैसा त्याने गावावर उधळला, म्हणून गावाने भर चौकात हत्तींचं कारंजं बांधलं. चार हत्ती, चौघांचा फक्त पुढचा भाग. गावकरी त्यांना 'बिनढुंगणाचे चार' म्हणतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! लिऑंचा एक दिवस शांबेरीला दिला, नवऱ्याने कुरकुर न करता. जाड पुस्तक लॅपटॉपखालीच राहील.

हा धागा छापून सासऱ्यांना दिला. चहा संपायच्या आत प्रश्न आला: "सतरावा राज्य न करता मोजला ते कळलं. पण पुतण्या तर नेपोलियन तिसरा म्हणवतो. मग दुसरा कोण?"

भटकभवानी:
गणिताचे सर शोभतात! दुसरा म्हणजे नेपोलियनचा मुलगा. १८१४ मध्ये पडलेला बाप १८१५ मध्ये थोडे दिवस परत गादीवर आला होता, वॉटर्लूनंतर त्याने याच्या नावे गादी सोडली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि आजोळी ऑस्ट्रियात. २१ व्या वर्षी व्हिएन्नातच गेला. त्याची शवपेटी १९४० मध्ये पॅरिसला पाठवली ती हिटलरने. आंव्हालिदला बापाची कबर बघाल तेव्हा तोही तिथेच आहे.