फॉलआउटच्या पुढच्या भागाकडून काय हवं?

'फॉलआउट' या व्हिडिओ गेम मालिकेच्या जुन्या चाहत्यांना फक्त वरून दिसणारा नकाशा आणि पाळीपाळीने होणारी मारामारी हवी असते, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. त्यांना हवं असतं ते, आपलं पात्र आणि आपल्या निवडी यांप्रमाणे बदलणारी गोष्ट. १९९७ च्या पहिल्या 'फॉलआउट'मध्ये पात्र बनवताना बुद्धीचे गुण ४ पेक्षा कमी ठेवले की आपल्या पात्राला धड बोलताच येत नाही, आणि समोरचेही त्याला तसंच वागवतात. मुख्य खलनायक मास्टर याला तर एकही गोळी न झाडता हरवता येतं. त्याने माणसांपासून बनवलेल्या म्युटंटांना (बदललेल्या शरीराच्या प्राण्यांना) मुलंच होऊ शकत नाहीत, याचा पुरावा समोर ठेवला की गडी खचलाच!

आता २००८ च्या 'फॉलआउट ३'चा शेवट आठवा. किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जायचंय, शेजारी आपला म्युटंट सोबती फॉक्स उभा, त्याला किरणोत्सर्ग बाधत नाही, आणि तो म्हणतो, हे तुझं नशीब, तूच जा. (नंतर वेगळे पैसे मोजून घ्यायच्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणी भागात हे सुधारलं. उपकारच म्हणायचे.) याच मालिकेतल्या 'न्यू वेगास'मध्ये मात्र शत्रूचा लॅनियससारखा सेनापतीसुद्धा, आपलं बोलण्याचं कौशल्य पुरेसं असेल तर, न लढता माघारी फिरतो. त्यातही नकाशा वरून दिसत नाही, मारामारीही पाळीपाळीची नाही. तरी जुनी मंडळी आजही त्याचंच नाव घेतात.