मदत हवी आहे: आईची ब्रेथ टेस्ट, पॅनची (ॲसिडिटीची) गोळी कधी बंद करायची?

मंडळी, पोटाच्या ब्रेथ टेस्टचा कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, जरा घाई आहे. आई ६३ वर्षांची, साताऱ्याला असते, मी पुण्यात. तिला बरेच महिने जळजळ, करपट ढेकर, दोन घास खाल्ले की पोट टम्म. शेवटी एंडोस्कोपी केली, डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचा इवलासा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला आणि थोड्या वेळाने ते जेल चक्क गुलाबी झालेलं दाखवलं, म्हणाले एच पायलोरी नावाचा जठरातला जंतू आहे. मग १४ दिवसांचं किट दिलं, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीची गोळी. तोंड सारखं कडू म्हणून आई जाम वैतागली होती पण कोर्स पूर्ण केला तिने.

आता जंतू गेला का ते बघायला टेस्ट सांगितलीय पण चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेथ टेस्ट' एवढंच आहे. एका लॅबला फोन केला तर म्हणे तीन तास लागतील, साखरेचं पाणी प्यायचं आणि दर थोड्या वेळाने फुंकायचं. दुसरीकडची बाई म्हणाली कॅप्सूल घ्यायची, दहा-पंधरा मिनिटांनी फुगा फुगवायचा की झालं, फक्त उपाशी या. मग यातली आमची कुठली? आणि आई अजून रोज सकाळी पॅन फोर्टी घेतेय, त्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही. शिवाय त्या कॅप्सूलमध्ये रेडिओॲक्टिव्ह काहीतरी असतं म्हणून मावशीने तिला घाबरवून ठेवलंय ते वेगळंच. त्यापेक्षा साधी रक्ताची टेस्ट केली तर नाही का चालणार?

प्रतिसाद १
तीन तासवाली तुमची नाहीच. ती हायड्रोजन ब्रेथ टेस्ट, दूध पचत नाही किंवा लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढलेत असा संशय असला की करतात. माझ्या भावाची लॅक्टोजची झाली होती, २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून दिलं, हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने वाढला की पॉझिटिव्ह. तुम्हाला युरिया ब्रेथ टेस्ट हवीय, चिठ्ठीवर तसं लिहूनच घ्या.

प्रतिसाद २
पॅनचं आधी बघा, खरी गोम तिथेच आहे. कॅप्सूलमध्ये युरिया असतो, एच पायलोरी त्याचे तुकडे करतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून फुग्यात. तुमचं गुलाबी जेलसुद्धा याच तत्त्वावर. पॅन चालू असली की जंतू दबून बसतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून पॅन, ओमेझ वगैरे २ आठवडे आधी बंद, आणि अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे झालेले हवेत. पण बंद करायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, विशेषतः अल्सर निघाला असेल किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर. लॅबवाल्यांच्या 'फक्त उपाशी या' वर जाऊ नका, त्यांना पेशंट लवकर मोकळा करायचा असतो.

रक्ताची टेस्ट इथे उपयोगाची नाही. जंतू गेला तरी अँटिबॉडी कितीतरी दिवस राहतात, मग नवं काय कळणार? आणि मावशींना सांगा, कार्बन १४ च्या कॅप्सूलचं रेडिएशन आपल्याला एका दिवसात निसर्गातून मिळतं त्याहूनही कमी. तरी मन मानत नसेल तर कार्बन १३ वाली विचारा, त्यात रेडिएशनच नसतं, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तीच देतात.

धागाकर्ती
बापरे, बरं झालं विचारलं, थँक्यू दोघांनाही. डॉक्टरांशी बोलले, अल्सर नव्हता म्हणून पॅन बंद करायला हरकत नाही म्हणाले, टेस्ट पुढे ढकलली. जळजळ झालीच तर डायजिन चालेल, फक्त टेस्टच्या आदल्या दिवसापासून तेही नको. आता एकच राहिलं, ते विचारायचं विसरले. आईची बीपीची गोळी सकाळी सातची असते आणि लॅब दहाला, ती घोटभर पाण्याबरोबर घेऊन जायची का टेस्ट झाल्यावर? तुमच्याकडे काय सांगितलं होतं?