१९६८ मधल्या आकाशवाणी नागपूरचा उद्घोषक: टेबलावर काय, हातात काय?

रंगपेटी
नमस्कार मंडळी. आमची एकांकिका जानेवारी १९६८ मध्ये घडते. स्थळ सिव्हिल लाइन्समधलं आकाशवाणी केंद्र, वेळ सकाळच्या सभेची, म्हणजे प्रसारणाच्या सत्राची. मुख्य पात्र उद्घोषक. संहितेत तो माइकसमोर बसतो, "मी अमुक तमुक, ५८५ किलोहर्ट्झवरून आपलं स्वागत करतो" म्हणतो, कॅसेट लावतो, साबणाची जाहिरात वाचतो आणि मग बातम्या लागतात. जुने श्रोते पहिल्या रांगेत बसणार आहेत. यात काय काय चुकलंय? आणि बोलणं सोडून या माणसाचे हात नेमकं काय करायचे? नटाला अख्खा वेळ हातांचं काम द्यायचंय.

पाव_इंच_टेप
जवळजवळ सगळंच चुकलंय भाऊ, पण दुरुस्त होईल.

५८५ हा आकडा काढा. मध्यम लहरींवर नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्या नोव्हेंबर १९७८ पासून आल्या. त्याआधी आपल्याकडे दहा-दहाच्या होत्या, म्हणून ५८५ ला तेव्हा जागाच नव्हती. शिवाय त्या काळच्या तोंडी 'किलोसायकल' आणि 'मीटर' होतं, 'किलोहर्ट्झ' नंतर रुळलं. संवादात "मध्यम लहरींवरून" एवढंच ठेवा. सुरुवात "आकाशवाणीचे हे नागपूर केंद्र आहे" अशी. "मी अमुक" नको. नाव ऐकू यायचं ते बातम्या देणाऱ्याचं, उद्घोषक सहसा निनावी. "तुमचं स्वागत" वगैरे एफएमच्या काळातलं बोलणं आहे.

जाहिरातीचं थोडं नाजूक आहे. विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाल्या, मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. म्हणजे तुमच्या प्रसंगाच्या दोनच महिने आधी, आणि फक्त त्या वाहिनीवर. मूळ केंद्रावरून साबण विकायचा नाही. पात्र विविध भारतीच्या पाळीवर असेल तर जाहिरात ठेवा, पण ती टेपवर. उद्घोषकाने वाचायची नाही. आणि तसं केलंत तर दिल्लीच्या बातम्या त्या प्रसंगातून काढा. एकाच प्रसंगात दोन्ही नको.

कॅसेटच्या जागी पाव इंची टेपचं रीळ. सात इंची रिळावर १२०० फूट टेप बसते, सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती ३२ मिनिटं चालते. मिक्सरवर सरकत्या पट्ट्या दाखवू नका, गोल नॉब दाखवा.

सुईची_बाजू
हातांचं काम मी सांगतो. टेबलावर दोन टर्नटेबल, बाजूला टेपमशीन, समोर काच, काचेपलीकडे इंजिनीअर, वर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ. एक तबकडी वाजत असताना दुसरी तयार करायची, हे सभाभर चालू.

तयार करायची म्हणजे अशी: सुई ठेवून फक्त आपल्याला ऐकू येईल असा क्यूचा नॉब उघडायचा, गाण्याचा पहिला सूर लागेपर्यंत तबकडी हाताने फिरवायची आणि मग मागे घ्यायची. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी अर्धा फेरा मागे. तिचा एक फेरा ०.७७ सेकंदाचा, म्हणजे मोटरला वेग पकडायला जेमतेम ०.३८ सेकंद मिळतात. लाँगप्ले (मिनिटाला ३३⅓ फेरे) पाव फेरा मागे घेतली तरी ०.४५ सेकंद मिळतात, तिला अर्धा फेरा दिला तर जवळपास एक सेकंद शांतता. कमी मागे घेतलं की पहिला सूर खालून वर घसरत येतो, श्रोत्याला "ऊंऽऽ" ऐकू येतं. जास्त घेतलं की पोकळी. नटाला हा अर्धा फेरा बोटांनी मागे घ्यायला शिकवा. जुने लोक नेमकं तेच बघतील.

सुईही बदलावी लागते. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, लाँगप्लेला एक मिलची. लाँगप्लेची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाला जाऊन नुसती खरखर करते. उलट केलं तर सुई खाचेत बसतच नाही, वरून घसरते आणि रेकॉर्ड कायमची खराब होते. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, उलटायची छोटी कळ असते, हातात तबकडी घेतली की अंगठा आधी तिच्याकडे जायचा.

मग क्यू शीट. प्रत्येक गाण्याची रेकॉर्ड नंबरासह नोंद, गायक, संगीतकार, गीतकार, वेळ. गाणं वाजत असताना लिहायचं, नंतर आठवून नाही.

ठीक_साडेआठ
रंगपेटी, तुम्हाला नाट्य हवंय ना? ते घड्याळात आहे. दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करायच्या, तिकडून येतात तशाच इथून ऐकवायच्या, म्हणजे पलीकडचा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही.

समजा बातम्या ८:३० ला. आत्ता ८:२६:२०, शेवटचं गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं. ते ८:२९:३२ ला संपणार. मागची उद्घोषणा (आत्ता काय ऐकलं ते सांगणारी) ८ सेकंद, म्हणजे ८:२९:४०. "आता दिल्ली केंद्रावरून मराठीतून बातम्या" याला ५ सेकंद लागतात, ती ८:२९:५४ ला सुरू व्हायला हवी. मधे राहतात १४ सेकंद. तिथे कुठलीतरी सतार लावून मधेच तोडली तर कानाला खटकतं. म्हणून २ मिनिटं ५० सेकंदांचा वाद्यसंगीताचा तुकडा घ्यायचा आणि नॉब बंद ठेवून तो ८:२७:०४ ला गुपचूप सुरू करायचा. कोणाला ऐकू येत नाही, पण तो फिरतोय. ८:२९:४० ला नॉब हळू उघडला की तुकड्याचे शेवटचे १४ सेकंद ऐकू येतात आणि तो आपल्या समेवर संपतो.

८:२७:०४ चा क्षण चुकवा, तुमचा प्रसंग तयार. पात्र क्यू शीट लिहिण्यात गुंतलंय, मान वर करतं तर ८:२७:२०. आता तुकडा १६ सेकंद उशिरा संपणार, म्हणजे तोडावाच लागणार. आरडाओरडा नाही, फक्त नॉबवरचा हात.

ळ_आणि_य
भाषेबद्दल कोणी बोललंच नाही. १९४८ मध्ये हे केंद्र सुरू झालं तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी आणि मराठी दोन्ही सांभाळाव्या लागत. एकाच तोंडाने दोन्ही बोलायचं तर पट्टी बदलावी लागते. मराठीत ज्ञान म्हणजे 'द्न्यान', हिंदीत 'ग्यान'. मराठीत 'क्रुष्ण', हिंदीत 'क्रिष्ण'. मराठी 'चल'चा च दातांजवळचा, हिंदी 'चल'चा टाळूचा. मराठीतल्या मराठीतही 'चमचा'चा च वेगळा आणि 'चमचे'चा वेगळा, 'माझा' आणि 'माझी'चं तसंच. वऱ्हाडी बोलणाऱ्याला सगळ्यात मोठा अडथळा ळ चा, डोळा 'डोया' होतो आणि काळा 'काया'. आवाज कितीही गोड असो, स्वरचाचणीत हे पकडलं जायचं.

तुमच्या नटाला माइक बंद असताना झकास वऱ्हाडी बोलू द्या. लाल दिवा लागला की प्रमाण मराठी. हा बदल संवादाशिवायच हशा घेईल.

पाव_इंच_टेप
ळ चा मुद्दा मान्य, पण हशासाठी अति करू नका. ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमात बोली मुद्दाम वापरली जायची. ती काही हसायची गोष्ट नव्हती.

रंगपेटी
८:२७:०४ वर प्रसंग बांधतोय. म्हणजे मूळ केंद्रच ठेवतो, साबण गेला. पात्राच्या नोकरीबद्दल एक संवाद आहे: "सरकारी नोकरी सोडून कुठे जाऊ?" बरोबर आहे का?

ठीक_साडेआठ
१९६८ ला नाही. उद्घोषक तेव्हा स्टाफ आर्टिस्ट, म्हणजे कंत्राटावर. त्यांना सरकारी कर्मचारी मानायचा निर्णय १९८२ चा. शेजारच्या ड्यूटी रूममध्ये बसणारा ड्यूटी ऑफिसर सरकारी नोकर, आणि माइकवरचा माणूस कंत्राटी. वाक्य फिरवा: "कंत्राटाचं काय होतंय बघू."

सुईची_बाजू
किरकोळ पण कानाला लागणाऱ्या दोन गोष्टी. कागद सुटे, टाचणी नाही, पान उलटायचं नाही तर बाजूला सरकवायचं, नाहीतर माइक खरखर पकडतो. दुसऱ्या पाळीची बाई मंचावर आणणार असाल तर बांगड्या काढून बाजूला ठेवताना दाखवा. आणि तबकडी मंचावर खरी फिरू द्या, पण आवाज बाहेरून सोडा. ध्वनी सांभाळणाऱ्याला सांगा, नटाने बोट उचलल्यावर ०.३८ सेकंदाने.